कोल्हा नसलेली शिकार

न्यू जर्सीतलं पार्सिपनी सोडलं तेव्हा अजून उजाडायचं होतं. गाडी राधिका चालवत होती, शेजारी मी, आणि मागच्या सीटवर माझी मोठी बहीण सुनंदाताई मांडीवर डबे घेऊन, कोर्टात साक्ष द्यायला निघाल्यासारखं तोंड करून बसली होती. आम्ही कोल्ह्याची शिकार बघायला चाललो होतो. हे वाचून सांगलीत कोणी विश्वास ठेवणार नाही, याची मला खात्री आहे. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. अमेरिकेतली गवताळ मैदानं मी फळ्यावर असंख्य वेळा काढली, पण तिथं लाल कोट घालून घोडे उधळणारी माणसं असतात हे क्रमिक पुस्तकात कुठंच नव्हतं.

राधिका ही ताईची एकुलती एक लेक. जन्म न्यू जर्सीतला, शाळा-कॉलेज तिथलंच, आता फिजिओथेरपिस्ट आहे आणि जवळच वेगळ्या अपार्टमेंटमध्ये राहते. आठवडाभर लोकांचे गुडघे दुरुस्त करते आणि रविवारी स्वतःचे धोक्यात घालते, असं ताईचं म्हणणं. मराठी तिला सगळं समजतं. उत्तर मात्र इंग्लिशमध्ये येतं. लहानपणी एका वाढदिवसाच्या पार्टीत ती तट्टावरून पडली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं. ताई तेव्हा समोरच उभी होती. त्या दिवसापासून ताईनं घोडा या प्राण्याशी संबंध तोडले. राधिकानं मात्र कॉलेजात गेल्यावर पुन्हा रिकिबीत पाय घातला आणि आता ती एका शिकारी क्लबात जाते. दर रविवारी तिचा 'डन' असा मेसेज येईपर्यंत ताई गॅस पेटवत नाही. त्यामुळे भाऊजी शनिवारचं उरलेलं जपून ठेवतात.

मी दोन महिन्यांसाठी आले आणि ताईला बळ चढलं. जेवणाच्या टेबलावर तिनं विषय काढला, आवाज चढला, डोळ्यांत पाणीही आणलं. शेवटी राधिकानं चमचा खाली ठेवला. एकदा येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ, आणि त्यानंतर तू 'सोड' म्हणालीस तर मी सोडेन, असं तिनं इंग्लिशमध्ये, पण अगदी शपथेवर सांगितलं. ताईनं ताबडतोब हो म्हटलं. नंतर ओट्यापाशी मला कुजबुजली, "मी सोडच म्हणणार आहे. तू मध्ये बोलायचं नाहीस."

मी हो म्हणाले, कारण ताईपुढे मी अजूनही तिसरीतच असते. पण आदल्या रात्री मुक्कामाला आलेल्या राधिकाला बुटांना पॉलिश करताना मी पाहिलं होतं. एकच बूट ती इतका वेळ चोळत होती, की मला तिच्याकडे बघवेना. ही पोर हरू नये असं मनापासून वाटत होतं, आणि तोंड उघडायची हिंमत नव्हती.

हमरस्ता सोडून आम्ही पश्चिमेकडे वळलो आणि दुकानं, ऑफिसं, पार्किंगची मैदानं मागं पडली. लाल रंगाची गोठ्याची घरं, कापलेल्या मक्याची शेतं, पिवळी पडलेली झाडं आणि सखल भागात साचलेलं धुकं. त्या प्रदेशाला तिथं 'हिल्स' म्हणतात. सह्याद्रीत पाय दुखवलेल्या माणसानं याला चढ म्हटलं असतं आणि पुढं चालू लागला असता. एका पेट्रोल पंपावर ताईनं चहा मागितला. तिला गरम पाण्याचा पेला आणि दोऱ्याला लटकवलेली पुडी मिळाली. इतकी वर्षं या देशात राहूनही ती दर वेळी चहा मागते आणि दर वेळी पुडीकडे नव्यानं दुखावल्यासारखी बघते.

वाटेत राधिकानं आम्हाला नियम सांगितले. पहिला नियम, कुत्र्यांना कुत्रे म्हणायचं नाही.

"मग काय म्हणायचं?" ताई.

"हाउंड्स."

"म्हणजे कुत्रेच ना?"

"आई, प्लीज."

जो मास्टर (शिकारीचा प्रमुख) असेल त्याच्या पुढं घोडा न्यायचा नाही. ज्या घोड्याला लाथा झाडायची सवय आहे त्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची. ताईच्या मते ती सगळ्यांनाच बांधायला हवी होती. गळ्यात जो पांढरा लांब पट्टा गुंडाळतात तो नुसता शोभेचा नाही, हात मोडला तर झोळी म्हणून उपयोगी पडतो. हे राधिकानं मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि मी तिला डोळ्यांनी खुणावेपर्यंत सांगत राहिली. मागं वळून पाहिलं तर ताईनं डब्यांना घट्ट मिठी मारली होती.

"आणि कोल्हा सापडला की त्याचं काय करता?" मी विषय बदलला.

"ओह, देअर इज नो फॉक्स."

कोल्हा नाहीच! या क्लबात एक माणूस पहाटे कसलंसं तेल लावलेलं फडकं शेतांमधून, ओढ्यांमधून, कुंपणांखालून ओढत नेतो. हाउंड त्या वासामागं धावतात, घोडेस्वार हाउंडांमागं धावतात, आणि शेवटी सगळे मिळून एका चिंधीपाशी पोचतात. यासाठी अर्धा डझन गावांतली माणसं थंडीत पहाटे उठतात, घोडे चकचकीत करतात, टाय बांधतात. ताईनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "निदान कोल्हा असता तर कारण तरी असतं."

क्लब म्हणजे एक मोठं कुरण, एक जुनं कोठार आणि घोडे आणणाऱ्या गाड्यांची रांग. राधिकानं तिचा घोडा आणला. त्याचं नाव जॉर्ज. मी आजवर पाचगणीच्या पठारावरचा घोडा तेवढा बसायला वापरलेला, ज्याच्या पुढं एक माणूस लगाम धरून चालतो आणि घोडा वाटेत पेंगतो. जॉर्जच्या पाठीपर्यंत माझी नजरही धड पोचत नव्हती. राधिकाच्या अंगावर लाल कोट होता, कारण ती व्हिप (हाउंडांना कळपात राखणारा स्वार) होती. तिनं जॉर्जच्या कपाळावर कपाळ टेकवलं आणि मग आईकडे बघितलं. ताईनं लगेच आभाळाकडे बघायला सुरुवात केली.

बघ्यांसाठी ट्रॅक्टरला जोडलेली एक उघडी गाडी होती आणि बसायला गवताचे भारे. ती गाडी चालवणारा हँक हाच पहाटे फडकं ओढून आलेला माणूस. वय झालेलं, मिशा पांढऱ्या, टोपीवर मातीचे डाग. त्याच्याजवळून एक वास येत होता, ओळखीचा, घरातला. पण कशाचा ते मला आठवेना. थंडीनं नाक गळत होतं, त्यामुळे मी फार खोलात गेले नाही.

निघण्याआधी तिथं एक रिवाज असतो. स्वार घोड्यावर बसूनच असतात आणि खालची माणसं ट्रेमधून त्यांना छोटे छोटे पेले आणि खाऊ नेऊन देतात. पेल्यात गोडसर दारू असते, खाऊ म्हणून बिस्किटाएवढे सँडविच. ताईनं हे पाहिलं आणि तिच्यातली गृहिणी जागी झाली. ती घोड्यांना घाबरत होती, शिकारीच्या विरोधात होती, पण समोर कोणी उपाशी दिसलं की तिचे हात तिच्या ऐकण्यात राहत नाहीत. डबे उघडले. कोथिंबीर वड्या फिरल्या, चकल्या फिरल्या. लाल कोटातला एक जाडजूड गृहस्थ चकली बोटात अडकवून, ही दागिना म्हणून दिली की खायला, अशा विचारात पडला. त्याच्या घोड्यानं तो प्रश्न मान वळवून सोडवला.

तिसऱ्या डब्यात बडीशेप होती. ताईची बडीशेप साधी नव्हे. पहाटे उठून मंद आचेवर भाजलेली, लिंबू आणि सैंधव लावलेली, डब्याचं झाकण काढलं की चार घरांत कळावी अशी. खाणं झालं आणि बडीशेप दिली नाही, असं ताईच्या घरी कधी घडलेलं नाही. ती एकेका घोड्यापासून हातभर लांब उभी राहून, चमचा पुढं करून प्रत्येकाच्या हातमोज्यात बडीशेप घालत गेली. मास्टर मिसेस हॅडली म्हणजे सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी ताठ बाई. तिनं चष्म्यातून ते दाणे निरखले आणि हे काय, म्हणून विचारलं.

"आफ्टर फूड," ताई म्हणाली. "व्हेरी गुड. आफ्टर फूड."

आता गोष्ट अशी, की या लोकांचं खरं जेवण शिकारीनंतर असतं. त्यामुळे मिसेस हॅडलींनी शिस्तीत मान डोलावली, आणि जेवणानंतर खायची म्हणून बडीशेप कोटाच्या खिशात घातली. मास्टरनं केलं ते सगळ्यांनी केलं. पंचवीस-तीस माणसांनी आपापल्या खिशात ताईची बडीशेप भरली. ताई समाधानानं गाडीवर येऊन गवताच्या भाऱ्यावर बसली. माझ्याही मनाला बरं वाटलं, की चला, घराण्याची लाज राखली.

शिकाऱ्यानं तांब्याचं छोटं शिंग फुंकलं. हाउंड त्यांच्या बंद गाडीतून उतरले. पांढऱ्या अंगावर तपकिरी-काळे डाग, लोंबते कान, आणि चेहऱ्यावर फार जबाबदारीचा भाव. ते नाकं गवताला लावून कुरणाच्या कडेला पसरले. राधिका जॉर्जला घेऊन लांब दुसऱ्या टोकाला गेली, कारण व्हिपची जागा तिथं असते. बाकी स्वार हाउंडांच्या मागं उभे राहिले. वारा त्या स्वारांकडून हाउंडांकडे वाहत होता. मी भूगोलाची शिक्षिका, वाऱ्याची दिशा मला कळली, पण तिचा अर्थ कळला नाही.

एका हाउंडनं मान वर केली. मग तो सावकाश मागं वळला. मग दुसरा. मग सगळ्यांनी एकदम गळा काढला, आणि ती सगळी फौज ज्या दिशेला जायला हवी होती तिच्या बरोबर उलट, स्वारांच्या अंगावर धावून आली.

"असं होत नाही," हँक म्हणाला. "असं कधीच होत नाही."

काही क्षणांत कुरणात हाहाकार उडाला. घोडे मागं सरकले, फिरले, उधळले. स्वार पळायला लागले आणि हाउंड त्यांच्यामागं. शिंग वाजत होतं, ते कोणी ऐकत नव्हतं. लाल कोटातले जाडजूड गृहस्थ एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं खिसा धरून आमच्यासमोरून तीन वेळा गेले, आणि प्रत्येक वेळी हाउंडांची माफी मागत गेले. मिसेस हॅडलींच्या घोड्याला दोन हाउंडांनी गाठलं होतं. मागच्या पायांवर उभे राहून ते तिच्या खिशाशी झोंबत होते. तिनं इंग्लिशमध्ये दटावून पाहिलं. उपयोग झाला नाही. तेव्हा त्या अमेरिकन बाईनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "माग्गे! माग्गे हो!"

मी ताईकडे बघितलं. ताईनं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी जे ऐकलं ते ऐकलं होतं, पण त्यावर बोलायला वेळ नव्हता. उरलेल्या हाउंडांना आता आमच्या गाडीचा पत्ता लागला होता. ताई गवताच्या भाऱ्यावर चढली, बडीशेपेचा डबा तिनं दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि "हाड! हाड! अगं बाई, हाड!" असं ओरडायला लागली. एका हाउंडनं माझ्या पर्समध्ये तोंड घातलं. हँक ट्रॅक्टर सुरू करायला गेला, तर सीटवर आधीच एक हाउंड बसला होता.

तेवढ्यात कुरणाच्या पलीकडून राधिका आली. मध्ये दगडांची कंबरेएवढी भिंत होती. मला वाटलं ती वळसा घालून फाटकातून येईल. तिनं वळसा घातला नाही. जॉर्ज सरळ आला, पुढचे पाय उचलले गेले, आणि तो एवढा मोठा प्राणी माझ्या भाचीला घेऊन भिंतीवरून अलगद इकडे उतरला. ताईचे डोळे मिटलेले असणार म्हणून मी पाहिलं. ते चांगले टक्क उघडे होते.

"पापड!" राधिका गरजली. "ए पापड! लाज नाही वाटत? सकाळीच जेवलास ना? मग कुणाच्या ताटात तोंड घालतोस? मागे हो! पोहे, तुला वेगळं सांगायला हवं का? उतर खाली. उतर म्हणते ना! आणि बाकीच्यांनी, काय तमाशा लावलाय? चला. सगळे मागे. मी दोनदा सांगणार नाही!"

माझ्या पर्समधलं तोंड बाहेर आलं. ट्रॅक्टरवरचा हाउंड खाली उतरला. सगळी फौज शेपट्या पाडून, कान मागं टाकून, जॉर्जच्या मागं ओळीनं जाऊन बसली. पापड आणि पोहे हे दोघे सर्वांत पुढं, फार लाजलेले.

ताईनं डोक्यावरचा डबा हळूहळू खाली आणला. "हे माझं बोलणं आहे," ती मला म्हणाली. "शब्द न् शब्द माझं आहे. ती लहान असताना मी अशीच ओरडायचे." आणि मग, जरा वेळानं, "माझ्याशी कधी बोलली नाही गं एवढं मराठी."



हँकनं डब्यापाशी वाकून वास घेतला. मग त्यानं खिशातून त्याचं ते फडकं काढून माझ्या नाकाशी धरलं, आणि इतका वेळ जे आठवत नव्हतं ते मला आठवलं. बडीशेप! फडक्याला लावतात ते तेल आपल्या बडीशेपेच्याच जातीच्या एका दाण्याचं असतं. हाउंडांना पिल्लं असल्यापासून तोच वास धरायला शिकवतात. त्यांनी बिचाऱ्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. सर्वांत ताजा आणि सर्वांत जोरदार माग त्यांनी बरोबर काढला होता. तो मास्टरच्या खिशात निघाला, हा काही त्यांचा दोष नव्हता.

मिसेस हॅडली घोडा चालवत आमच्याकडे आल्या. टोपी वाकडी झाली होती, कोटाचा खिसा फाटून लोंबत होता, चेहरा लालबुंद. मागोमाग बाकीचे स्वार. हँक हळू आवाजात आम्हाला म्हणाला, शिकारीचा माग कोणी बिघडवला तर मास्टर त्याला घरी पाठवते, असा नियम आहे, आणि पाहुण्यांची जबाबदारी त्यांना आणणाऱ्यावर असते. राधिकाचा चेहरा पांढरा पडला. तिनं टोपी काढली आणि "मास्टर, आय ॲम सॉरी, दे आर माय गेस्ट्स" असं बोलायला सुरुवात केली.

खरं म्हणजे ताईचं काम आपोआप होत होतं. तिला 'सोड' म्हणायचीही गरज नव्हती. हेच लोक तिच्या लेकीला घरी पाठवणार होते. मी ताईकडे बघितलं, तर ती डबा माझ्या हातात कोंबून गाडीतून उतरत होती. चिखलातून, स्पोर्ट शूज आणि पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी सावरत ती थेट त्या उंच घोड्यापर्यंत गेली. हातभर अंतर नाही, काही नाही. घोड्याचं तोंड तिच्या खांद्याशी होतं.

"माय बडीशेप," ती म्हणाली. "नॉट हर बडीशेप. शी डिड नथिंग. यू सेंड मी होम. माय डॉटर स्टेज."

मिसेस हॅडलींच्या घोड्यानं मान खाली घातली आणि ताईचा उजवा तळहात, ज्याला अजून बडीशेप चिकटलेली होती, चाटायला लागला. ताईनं डोळे घट्ट मिटले, पण हात मागं घेतला नाही.

मिसेस हॅडलींनी आपला फाटका खिसा पाहिला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आयुष्यभर मी पाठलाग करत आले, त्या म्हणाल्या, पण माझाच पाठलाग झाला तो आज पहिल्यांदा, आणि मला सांगायला हरकत नाही की कोल्हे इथून निघून गेले ते त्यांनी बरोबरच केलं. मग राधिकाकडे बोट दाखवून ताईला म्हणाल्या, हिला घरी पाठवलं तर या दोघा बदमाशांना आवरणार कोण? क्लबात अशी पद्धत होती, की पिल्लं लहान असताना सभासदांनी ती घरी नेऊन वाढवायची. राधिकानं या दोघांना तिच्या अपार्टमेंटमध्ये वाढवलं होतं. त्यांना इंग्लिश कळतच नाही, मिसेस हॅडली म्हणाल्या, आणि बाकीचे हाउंड त्या दोघांचं बघून वागतात. "आम्हा सगळ्यांना तुमचे शब्द शिकावे लागले. माग्गे. चल. गप बस." शेवटचे दोन त्यांनी फारच अस्सल उच्चारले.

मग हुकूम सुटला, की प्रत्येकानं आपल्या खिशातली बडीशेप जागच्या जागी खाऊन टाकावी. मी जगात बरंच काही पाहिलं आहे, पण काळे-लाल कोट घातलेली पंचवीस-तीस माणसं घोड्यावर बसून गंभीरपणे बडीशेप चावताहेत, असं दृश्य पुन्हा बघायला मिळेल असं वाटत नाही. डबा झाकण लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून राधिकाच्या गाडीत बंद झाला.

नंतरची शिकार रीतसर पार पडली. आम्ही हँकच्या गाडीतून टेकडीवर गेलो आणि तिथून सगळं दिसत होतं. हाउंड गळा काढत शेतांमधून वाहत गेले, मागं घोडे, आणि एका बाजूला एकटी राधिका. कुंपण आलं की ताई माझ्या मनगटात नखं रुतवायची. आम्ही सगळे तिकडे बघत असताना आमच्या गाडीमागून एक खराखुरा कोल्हा गेला. लाल, झुबकेदार शेपटीचा. क्षणभर थांबून त्यानं तो गोंधळ पाहिला आणि झुडपात शिरला. मी हँकला हाक मारली. त्यानं वळून पाहिलं, खांदे उडवले, आणि पुन्हा चिंधीच्या शिकारीकडे बघायला लागला.

आणि मग ओढ्यापाशी राधिका पडली. जॉर्जचा पाय काठावर घसरला आणि ती त्याच्या खांद्यावरून पाण्यात गेली. माझं मनगट ताईनं असं दाबलं की हात बधिर झाला. लाल कोट पाण्यात दिसेनासा झाला, मग दिसला, मग उभा राहिला. राधिकानं टोपी शोधली, तिच्यातलं पाणी ओतलं, ती डोक्यावर ठेवली आणि टेकडीच्या दिशेनं हात हलवला. जॉर्ज काठावर वाट बघत थांबला होता. ती पुन्हा चढली आणि गेली. ताई पुढं अर्धा तास त्या ओढ्याकडेच बघत बसली. मला वाटलं, संपलं.

परतताना गाडीत हीटर पूर्ण चालू होता आणि राधिकाच्या कपड्यांना ओढ्याचा वास येत होता. पार्सिपनीची पाटी दिसेपर्यंत कोणी विषय काढला नाही.

"सो?" राधिकानं विचारलं. समोर रस्त्याकडे बघत, स्टिअरिंग घट्ट धरून.

"तू पडलीस तेव्हा माझा जीव गेला होता," ताई मागून म्हणाली.

"आय नो."

"दर रविवारी जाईल."

"ओके, आई." राधिकाचा आवाज अगदी लहान झाला. "आय प्रॉमिस्ड. आय विल टेल देम टुमॉरो."

"काय सांगणार आहेस? मी कुठं सोड म्हटलं? मला आधी सांग, कुत्र्यांशी एवढं छान मराठी बोलतेस, आणि आईला 'डन'? मी काय घोडं मारलंय तुझं?"

राधिकानं मराठीत उत्तर दिलं. अडखळत, एकेक शब्द चाचपत. "मी बोलली की तुम्ही सगळे हसता, आई. चुकते ना माझं. मग सगळे म्हणतात, किती क्यूट. कुत्रे नाही हसत."

हसणाऱ्यांत मीही होते. आमच्या सगळ्या घरानं तिचं मराठी करमणुकीसाठी वापरलं होतं, आणि हे तिला लागत असेल असं एकाच्याही मनात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ताईनं पुढं वाकून लेकीच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला, त्याच, मोडलेल्या.

"घोडा चालू दे," ती म्हणाली. "आणि माझ्याशी तसंच बोल, पापडशी बोलतेस तसं. मी हसणार नाही. हसले तर ओरड माझ्यावर."

सांगलीला परतून आता मला दीड महिना झाला. लोक विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंस. मी धबधबा आणि पुतळा सांगते, कारण बाकीचं सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला वाटतं वय झालं. आपण परदेशी जातो ते तिथली माणसं बघायला, आणि आपलीच माणसं पहिल्यांदा नीट ऐकू येतात, असं मला आजकाल वाटतं. परवा रविवारी संध्याकाळी फोन वाजला. तिकडे सकाळ होती. ताईचा नंबर. उचलला तर कोणी बोलेना. वारा, घोड्यांच्या टापा, हाउंडांचं गळा काढणं, आणि त्या सगळ्या कोलाहलात दोन बायका एका सुरात ओरडत होत्या, "पोहे! मागे हो! दोनदा सांगणार नाही!"

मी फोन कानाशी धरून किती तरी वेळ ऐकत बसले. त्यातली आई कोणती आणि लेक कोणती, मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.